"सांगली की सांगोला?" : मराठी बोलणारी यंत्रं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

मराठीत बोलणारी यंत्रं घडवणाऱ्या मुलांनो आणि मुलींनो,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना हातात फोन घेऊन जिना उतरून माझ्याकडे आले. वय 84, कान अजून शाबूत. फोन स्पीकरवर होता आणि त्यातून बाईच्या आवाजात यंत्र बोलत होतं, "कृपया रक्कम सांगा." नाना म्हणाले, "दीड हजार." यंत्र जरा थांबलं आणि म्हणालं, "आपण एक हजार रुपये म्हणालात. पुष्टी करण्यासाठी हो म्हणा." नाना घाईघाईने म्हणाले, "नाही हो, दीड हजार!"

यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

'नाही हो' मधला 'हो' त्याने उचलला होता. नाना फोनकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आता मलाच नीट बोलता येत नाही बहुतेक." दुसऱ्या दिवशी रिक्षा करून ते त्या ऑफिसात गेले, रांगेत उभे राहिले आणि उरलेले पाचशे भरून आले. यंत्र कुणाचं होतं ते लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. पण नानांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. चूक यंत्राची, आणि दोष लावून घेतला माणसाने. त्यासाठी हे पत्र.

मी कोण, तेही सांगते. 1978 साली मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. तुमच्यातल्या बहुतेकांनी ट्रंक कॉल पाहिलेला नसेल. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे बुक करावा लागे. गाव, नंबर, कुणाला बोलवायचं त्याचं नाव आम्ही पेन्सिलीने तिकिटावर लिहून घ्यायचो, कॉल किती लवकर हवा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग, ते विचारायचो, आणि बोर्डावर कॉर्ड लावून एक गाव दुसऱ्याला जोडून द्यायचो. कानावर हेडसेट, समोर दिव्यांच्या रांगा, लाइनीत खरखर. पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याचं अर्धंच बोलणं ऐकू येतं, तो घाईत असतो, कधी रडत असतो, आणि मिनिटभरात त्याला काय हवंय ते कळावं लागतं. आज तुमच्या यंत्राला हेच काम दिलेलं आहे. एस.टी.डी. आली, म्हणजे लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवायला लागले, तेव्हा बोर्ड गेले. मी 197 च्या चौकशीत, म्हणजे विचारणाऱ्याला फोन नंबर शोधून सांगायच्या कामावर बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. पस्तीस वर्षं न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली. माझी भाची पुण्यात तुमच्यासारखंच काम करते, तिच्याकडून यंत्राच्या आतलं थोडंफार समजून घेतलं आहे.

तुमच्या यंत्रांचं एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचतं : "क्षमस्व, मला समजले नाही. कृपया पुन्हा बोला."

आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात जे शिकवायच्या, ते असं. न कळण्याचे तीन प्रकार असतात. ऐकूच आलं नाही, हा एक. अर्धं ऐकलं, हा दुसरा. ऐकलं पण खात्री नाही, हा तिसरा. तिन्हींना एकच उत्तर दिलंत की समोरचा गोंधळलाच. ऐकूच आलं नसेल तर म्हणायचं, "लाइन खराब आहे, जरा मोठ्याने सांगता?" म्हणजे त्याला कळतं की आवाज वाढवायचा आहे, शब्द बदलायचे नाहीत. अर्धं ऐकलं असेल तर ऐकलेलं सांगून उरलेलंच विचारायचं. कुणी खरखरीतून 'सांग...' असं काहीतरी म्हणाला तर आम्ही "पुन्हा बोला" म्हणत नसू. आम्ही विचारायचो, "सांगली की सांगोला?" एवढ्याशा प्रश्नात त्या माणसाला तीन गोष्टी कळतात : बाई लक्ष देतेय, माझं अर्धं पोचलंय, आणि मला फक्त एक शब्द सांगायचा आहे. तो शांत होतो. शांत झालेला माणूस स्पष्ट बोलतो.

"पुन्हा बोला" म्हटलं की उलट होतं. माणसाला वाटतं, आपलं सगळंच चुकलं. तो वाक्य बदलतो, आवाज चढवतो, एकेक अक्षर तोडून बोलतो. भाची सांगते की असं तोडून, ओरडून बोललेलं यंत्राला जास्तच अवघड जातं, कारण ते साध्या बोलण्यावर शिकलेलं असतं. म्हणजे तुमचंच वाक्य तुमच्याच यंत्राचं काम अवघड करतं.

आणि खरं आश्चर्य मला पुढे वाटलं. भाचीने सांगितलं की यंत्राच्या आत एकच अंदाज नसतो. ऐकलेल्या शब्दासाठी ते दोन-चार अंदाज धरतं आणि प्रत्येकाला खात्रीचे गुण देतं. पहिल्याला थोडे जास्त, दुसऱ्याला थोडे कमी. अगं, मग त्याला ठाऊकच असतं की! सांगली आणि सांगोला हे दोन्ही अंदाज त्याच्या हातात असताना ते "मला समजले नाही" असं का म्हणतं? जे अर्धं कळलंय ते माणसाला सांगा ना. त्यासाठी नवा शोध लागायचा नाहीये. आत जे आहे ते बाहेर बोलून दाखवायचं आहे.

आता नानांच्या 'दीड'कडे येते. पाऊणशे म्हणजे 75, सव्वाशे म्हणजे 125, पावणेदोनशे म्हणजे 175, सव्वादोनशे, अडीचशे, साडेतीनशे. आमच्या पिढीचा सगळा हिशोब असाच चालतो. भाजीवाली असाच भाव सांगते आणि घड्याळही असंच वाचतात, पावणेदोन, सव्वातीन. वर आपले संख्याशब्द. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, खराब लाइनीवर हे जवळजवळ सारखेच ऐकू येतात. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असं वाचन दिलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला! मुलांना हे शब्द जड जातात, म्हणून तो पर्याय ठेवल्याचं गणितज्ञ मंगला नारळीकर समजावून सांगत होत्या. मराठी घरातल्या मुलांनाही जे जड जातं ते यंत्राला सहज जमेल असं धरू नका.

आमची युक्ती साधी होती. समोरच्याने जे सांगितलं ते त्याच रूपात परत म्हणायचं नाही, दुसऱ्या रूपात म्हणायचं. तो म्हणाला त्रेसष्ट, तर आपण म्हणायचं, "सहा-तीन ना?" तो म्हणाला दीड हजार, तर आपण, "म्हणजे पंधराशे." रूप बदललं की चूक झाकली जात नाही, तिथल्या तिथे उघडी पडते. यंत्र नानांना "एक हजार की पंधराशे?" एवढं म्हणालं असतं तरी रिक्षाचं भाडं वाचलं असतं. आणि 'हो'वर कुठलाही व्यवहार बांधू नका. मराठी माणूस 'नाही हो' म्हणतो, 'हो का?' म्हणतो, 'हो, पण' म्हणतो, ऐकतोय हे दाखवायला नुसतंच 'हो, हो' म्हणत राहतो. ज्या प्रश्नाचं उत्तर एखादा शब्द किंवा आकडा असेल, तो प्रश्न विचारा. तसंच 'पुष्टी करण्यासाठी' हे कुठल्या घरात बोलतात? 'बरोबर आहे ना?' असं म्हणतात.

आता थांबण्याविषयी लिहायचं आहे, आणि याबद्दल जरा जास्त लिहीन, कारण सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं.

माणूस बोलायचा थांबला हे यंत्र शांततेवरून ओळखतं. अर्धा-पाऊण सेकंद आवाज आला नाही की वाक्य संपलं असं धरून ते स्वतः बोलायला लागतं. भाचीने मला 2009 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा मोजल्या होत्या. हो-नाहीच्या प्रश्नाला माणसं सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांत उत्तर देतात, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागात. जपानी सगळ्यात चटकन, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण फरक सेकंदाच्या अर्ध्याहून जास्त नाही. मराठी त्या दहांत नव्हती. हे ऐकून तुम्हाला वाटेल की यंत्राने जितकं चटकन बोलावं तितकं ते माणसासारखं होईल. पण एवढ्या कमी वेळात उत्तर तयार होत नसतं. माणूस समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे चाललंय ते ओळखतो आणि तयार राहतो. तो शांतता मोजत नाही, अर्थ मोजतो.

आणि मराठीत अर्थ शेवटी येतो. "मला ते कनेक्शन बंद करायचं..." इथे वाक्य संपलेलं नाही. पुढे 'आहे' येईल किंवा 'नाहीये' येईल. "माझं नाव त्यातून काढायचं..." पुढे 'नाही, दुरुस्त करायचंय' येईल. सत्तरीचा माणूस नेमका इथे श्वास घेतो, आठवतो, चष्मा शोधतो. तुमचं यंत्र तिथेच आत घुसलं तर त्याला अर्धवट अर्थ मिळत नाही, नेमका उलटा मिळतो. इंग्रजीत नकार बहुतेकदा लवकर येऊन जातो, आपल्याकडे तो दारात उभा राहतो. म्हणून दुसऱ्या भाषेसाठी ठरवलेली शांततेची मर्यादा मराठीला जशीच्या तशी लावू नका. 'करायचं' वर थांबलेला माणूस थांबलेला नसतो, आणि हे व्याकरण यंत्राला शिकवता येतं.

मग तोवर यंत्राने काय करायचं? 'हं' म्हणायचं. कुणी लांबलचक पत्ता सांगत असला की आम्ही मधूनमधून 'हं... हं' करत राहायचो. पलीकडे पूर्ण शांतता असली की आपल्याकडची माणसं घाबरून "हॅलो? हॅलो?" करतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, त्या 'हॅलो'ला नवीन उत्तर समजून यंत्र पहिल्यापासून सुरू करतं. एक 'हं' असता तर ते टळलं असतं.

पण 'हं'बरोबर एक अट घालते. 2018 च्या मे महिन्यात गूगलने ड्युप्लेक्स नावाचं यंत्र दाखवलं. ते केशकर्तनालयात फोन करून वेळ ठरवत होतं, मध्ये 'अं', 'म्हं' करत होतं, आणि पलीकडच्या बाईला कळलंच नाही की आपण यंत्राशी बोलतोय. टीका झाली, मग यंत्र आधी स्वतःची ओळख देईल असं कंपनीने सांगितलं. हे मराठीतही पहिल्या वाक्यातच हवं. "नमस्कार, मी या ऑफिसचं बोलणारं यंत्र आहे. माणसाशी बोलायचं असेल तर कधीही तसं सांगा." एवढं बोलून मग खुशाल 'हं' म्हणा.

मी हे आग्रहाने मागते त्यामागे एक आठवण आहे. चौकशीत रात्रपाळीला एका आजोबांचा फोन यायचा. नेहमी एकाच दवाखान्याचा नंबर विचारायचे. आम्हाला तो पाठ झाला होता आणि त्यांनाही पाठ होता हे आम्हाला ठाऊक होतं. नंबर सांगितला की म्हणायचे, "आज थंडी फार आहे, नाही?" आम्ही एक-दोन वाक्यं बोलायचो आणि दुसरा कॉल घ्यायचो. एकदा सलग आठ-दहा दिवस फोन आला नाही, तेव्हा आमच्यातल्या एकीने चौकशी केली. ते लेकीकडे गेले होते. आता असे आजोबा तुमच्या यंत्राशी बोलणार आहेत. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा साधा प्रोग्राम केला होता. तो समोरच्याचंच वाक्य प्रश्नासारखं फिरवून परत करायचा, त्याला कळत काहीच नव्हतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबॉम यांना त्याचा धक्का बसला आणि पुढे ते या विषयाचे मोठे टीकाकार झाले. माणूस इतक्या सहज जीव लावतो. तुमचं यंत्र एलायझापेक्षा कितीतरी गोड बोलतं. तेव्हा आजोबांना जास्त वेळ लाइनवर धरून ठेवण्यात कुणाचा फायदा असेल तर तो हिशोब कृपा करून करू नका. आठ-दहा दिवस ते बोलले नाहीत तर कुणीतरी विचारायला हवं, आणि ते कुणीतरी माणूस असायला हवं.

बाईच्या आवाजाविषयीही बोलते. 1878 साली बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर झाली, कारण आधी ठेवलेले मुलगे गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायचे. तेव्हापासून नम्र आवाज म्हणजे बाईचा आवाज हे ठरून गेलं. त्या परंपरेतली एक म्हणून मला त्याचा अभिमानही आहे. पण आज हुकूम झेलणाऱ्या यंत्राला बाईचाच आवाज देतात, आणि लहान मुलं त्या आवाजावर खेकसतात. युनेस्कोने 2019 च्या अहवालात हीच काळजी मांडली होती. मराठीत प्रश्न आणखी अवघड, कारण इथे 'सांगतो' की 'सांगते' हे यंत्राला निवडावंच लागतं, असं तुमच्यातले काही म्हणतात. तसं नाही. "मी सांगू का?", "नंबर लावून देऊ?", "उद्या कळवीन", "मी तुमचं नाव शोधलं", "मला सापडलं" — यातल्या कशातच बोलणारा बाई आहे की पुरुष ते कळत नाही. शिवाय 'सांगू का' हे 'सांगते'पेक्षा जास्त अदबीचं. आपल्या भाषेने वाट करून ठेवली आहे, त्या वाटेने जाऊन बघा.

मराठीत यंत्राला अडवणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. दार लाव म्हणजे बंद कर आणि दिवा लाव म्हणजे चालू कर. परवा म्हणजे होऊन गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही, ते क्रियापद ठरवतं. चार आणि चारा यांतला च वेगळा, पण लिपीत तो एकच, म्हणून तुमचं यंत्र चाळीतल्या च चा उच्चार चहातल्या च सारखा करतं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच परकं वाटतं. या गोष्टी तुम्हाला माहीत आहेतच, तुम्ही मराठीच आहात. त्या यंत्रापर्यंत का पोचत नाहीत, हे मी भाचीला विचारलं.

ती म्हणाली, "मावशी, आम्हाला आवाज मिळतात ते बरेचसे वाचलेले." पडद्यावर वाक्य येतं, माणूस ते वाचतो, आवाज साठवला जातो. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पातही लोकांकडून असे आवाज दान म्हणून घेतले जातात. काम चांगलंच आहे, मीही आवाज दिला आहे. पण वाचताना कुणी 'नाही हो' म्हणत नाही. वाचताना कुणी 'करायचं' वर अडकत नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. त्यांतले किती 'मला' म्हणतात, किती 'मले', किती 'माका'? नागपुरातली बाई "मी स्वयंपाक करून राहिली" म्हणते, तेव्हा ती कुठे राहते हे सांगत नसते. पुण्यातल्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलं आहे, गावोगाव जाऊन लोकांचं खरं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आहे. तुमच्यातल्या पुण्यात काम करणाऱ्यांना तर ते कॉलेज गावातच आहे. तिथल्या अभ्यासकांना जाऊन भेटा.

आणि सातारला या. हे औपचारिकपणे म्हणत नाही, खरंच या. येताना तुमचं यंत्र घेऊन या. नानांना विचारलंय, ते तयार आहेत. दुपारी चारनंतर या, तोवर त्यांची झोप झालेली असते. चहा मी टाकीन. यंत्र त्यांच्यासमोर ठेवा, त्याला रक्कम विचारू द्या, आणि तुम्ही मध्ये बोलू नका, त्यांना मदत करू नका. नाना आधी खाकरतील, मग "किती बरं..." म्हणून थांबतील. मग सव्वादोनशे म्हणतील. यंत्र काय उत्तर देतं ते आपण सगळे मिळून ऐकू.

कळावे,
एक निवृत्त ट्रंक ऑपरेटर, सातारा